बोळातला कोबा

अब्बा,

गेल्या मंगळवारी दुपारी मी उजवा पाय उचलला आणि ओल्या कोब्यात टाकला, आणि तिथंच माझं सगळं बदललं. हे ऐकून तुम्हाला हसू आलं असतं की राग, ते मला सांगता येत नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, आता बाविसावं संपत आलंय. तुमचा आवाज अजून ओळखेन, पण तुम्ही अमुक वेळी काय बोलला असता हे पूर्वी जसं आपोआप कानात यायचं तसं आता येत नाही. शुक्रवारी कब्रस्तानात येतो, हात उचलून जे म्हणायचं ते म्हणतो, आणि बाकीचं तोंडातच राहतं, कारण शेजारच्या कबरीपाशी कुणीतरी उभं असतंच. म्हणून लिहायला बसलोय. कागद माझ्या कॉलेजच्या जुन्या वहीतले आहेत, मागची पानं कोरीच राहिली होती.

कोबा कुठला ते आधी सांगतो. आपल्या घराचा बोळ तुम्हाला आठवतच असेल. एका बाजूला शेजाऱ्यांच्या गोठ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला पिठाच्या गिरणीची, मधे चार फूट रुंद आणि बावीस फूट लांब जागा, आणि त्या जागेच्या शेवटी आपलं दार. दारासमोर थोडंसं अंगण, तेही मातीचं. कुंडलची काळी माती. पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल आत राहायची आणि पाय वर यायचा. तुम्ही दर वर्षी म्हणायचा, दिवाळी झाली की पडवी काढतो आणि बोळात कोबा घालतो, आणि दर दिवाळीला कुणाचं तरी काम निघायचं. तुम्ही गेल्यावर अम्मानं मशीन बाहेर काढली. आता ती गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. पावसाळ्यात बायका बोळात शिरत नाहीत. रस्त्यावरूनच हाक मारतात आणि अम्मा साडीचा ओचा वर खोचून अनवाणी त्या चिखलातून मापं घ्यायला जाते. तिचे गुडघे आता तसे राहिले नाहीत. म्हणून पडवी आणि बोळ करायचं ठरवलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं.

बाजारपेठेतले भांड्यांचे दुकानदार तुम्हाला माहीत आहेत. तुम्ही आयुष्यातला शेवटचा कोबा त्यांच्या घरी घातला. त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी श्रावणात अम्माकडं ब्लाउजपीस घेऊन आली होती. तेव्हा ती आणि मी कराडला एकाच वर्गात होतो, ते पुढं सांगतो. चपला हातात, सलवार घोट्याच्या वर धरलेली. गोठ्याच्या भिंतीपाशी तिचा पाय घसरला, हात भिंतीवर टेकला, कोपरापर्यंत चिखल. मी दारात उभा होतो. मला वाटलं आता ही रडणार किंवा परत जाणार. तर ती हात झटकत मला म्हणते, 'तुझ्या अब्बांनी समद्या गावाला कोबा घातला आणि घरच्या बोळात भात लावला व्हय?' अम्मा आतून खळखळून हसली. तुम्ही गेल्यापासून अम्मा एवढ्या मोठ्यानं हसलेली मी ऐकली नव्हती. त्याच दिवशी मी मनात बोळ मोजून टाकला होता.

तिच्या घरच्या कोब्याचा दिवस मला जसाच्या तसा दिसतो. उन्हाळ्याची सुट्टी आहे. तुमचा बिगारी आलेला नाही म्हणून घमेली उचलायला तुम्ही मला नेलंय. त्यांची पुढची लांब खोली. तुम्ही आतल्या भिंतीपासून सुरुवात केली आणि मागं मागं सरकत पुढच्या दाराकडं येताय. तोंड कामाकडं, पाठ दाराकडं. मी विचारलं होतं, असं उलटं का? तुम्ही म्हणाला, 'काम संपलं की आपल्याला भाईर पडाय नगो? गवंड्यानं सोताला कोंडून घ्यायचं नसतं.' दुपारी कोबा संपला, तुम्ही उंबऱ्याबाहेर बसून हात धुवायला लागला. मी मात्र आतल्या खोलीत होतो, पाण्याची बादली आणायला गेलेलो. तुम्ही ओरडून सांगितलं, मागच्या दारानं घराला वळसा घालून ये. मी ऐकलं. आणि सरळ पळत आलो. सहा पावलं. ओला कोबा पायाखाली गार लागला होता, तेसुद्धा आठवतं.

तुम्ही मारलं नाही. मालक दुपारचे झोपले होते, त्यांना उठवून सांगितलंही नाही. कोब्यावर फळी टाकली, तिच्यावर गुडघे टेकले, आणि कोबा गुळगुळीत करायचा लाकडी रंधा घेऊन गोल गोल फिरवत एकेक पाऊल मिटवत गेलात. कोबा धरायला लागला होता, सहज मिटत नव्हता. थोडं सिमेंट भुरभुरायचं, पाणी शिंपडायचं, पुन्हा रंधा. ऊन कलून असरची वेळ होईपर्यंत तुम्ही गुडघ्यांवरच होता. मी दारात बादली धरून उभा. घरी येताना सायकलवर मी मागं बसलेलो. ओढ्याच्या पुलावर तुम्ही पायडल थांबवलं. मग म्हणाला, 'मागनं यायला तुला काय झालतं रं?' मी म्हणालो, 'कबड्डीची मॅच होती. उशीर व्हत होता.' 'मग गावली का मॅच?' 'न्हाई.' 'बरं,' एवढंच म्हणून तुम्ही पायडल मारायला लागलात. संध्याकाळी अम्मा तुमच्या गुडघ्यांना खोबरेल लावत होती आणि मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. त्या दिवशी तुम्ही एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं. त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी तुम्ही कामाला जायचा सदरा घातला, उंबऱ्यावर बसलात, अम्माला म्हणालात छातीत दाटल्यासारखं होतंय, आणि रिक्षा बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तीन वर्षांपूर्वी मी कराडला डिप्लोमाला गेलो. सिव्हिल. अम्माची इच्छा होती की पोरानं घमेलं उचलू नये, कागदावर घरं बांधावीत. पहिल्याच दिवशी एसटीत ती भेटली, त्याच कॉलेजला, त्याच वर्गात. मी तिला ओळखलं नाही. तिनं ओळखलं. मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर वही आपटली आणि म्हणाली, 'तू त्योच न्हवं, कोबा तुडवणारा?' एसटीतली चार पोरं हसली. मी मान खाली घातली, आणि कराडचं स्टँड आल्यावर ती मान वर काढली तेव्हा माझं जे व्हायचं ते झालेलं होतं. दीड वर्ष, अब्बा. रोजची एसटी, ती खिडकीला, मी मागच्या सीटवर. कृष्णा-कोयनेच्या घाटावर दोनदा चहा. हात धरला तोही एकदाच, रस्ता ओलांडताना. याच्यापलीकडं काही नव्हतं, आणि मला तेच एवढं मोठं वाटायचं की झोप लागायची नाही.

मग एका पोरानं ड्रॉइंग हॉलच्या फळ्यावर तिचं आणि माझं नाव लिहिलं, खाली चित्र काढलं. तिनं मला बघताक्षणीच मान हलवली, काही करू नको म्हणून. ती स्वतः उठून डस्टर घ्यायला चालली होती. मी ड्रॉइंग बोर्ड उचलला आणि त्या पोराच्या तोंडावर मारला. त्याचे दोन दात पडले. फळा पुसायला तिला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. बोर्ड मारल्यावर ते नाव सगळ्या कॉलेजात, मग कुंडलात, मग तिच्या घरात गेलं. तिचे वडील दुसऱ्या दिवशी येऊन तिचं नाव काढून घेऊन गेले. मला कॉलेजनं काढलं नव्हतं. त्या पोराची सगळ्यांसमोर माफी मागायची आणि वर्गात बसायचं, एवढंच सांगितलं होतं. मी गेलोच नाही. गावात आणि मित्रांत सांगितलं, तिचं शिक्षण तुटलं मग मला शिकून काय करायचंय. पोरं म्हणाली, गड्या, याला म्हणतात मर्द. मला ते ऐकायला बरं वाटायचं. खरं असं की माफी मागायला उभं राहायची मला लाज वाटत होती, आणि तिच्या शिक्षणाच्या आड मी ती लाज लपवली.

शिरवळला एका कंपनीत कंत्राटावर लागलो. पॅकिंगचं काम, आठ तास उभं राहून. वर्षभर तिथं काढलं आणि मार्चमध्ये परत आलो. तुमची गोणपाटाची पिशवी माळ्यावर होती तशीच होती. थापी गंजलेली, रंधा एका बाजूनं झिजलेला, ओळंब्याची दोरी उंदरांनी खाल्लेली. मी पिशवी खाली काढली तेव्हा अम्मा मशीनवर होती. तिनं पाय थांबवले नाहीत, फक्त म्हणाली, 'थापीला रॉकेल लाव. वाळूनं घास. आन् मला आदी सांग, कुणासाठी?' 'तुझ्यासाठी.' 'व्हय का,' म्हणाली, आणि चाक फिरवत राहिली.

आधी पडवी. काळ्या मातीवर काही टिकत नाही हे तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, म्हणून दीड फूट माती काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसानं ठोकला. चार दिवस नुसतं ठोकणं. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मग लोखंडी पाइपाचे चार खांब. पहिला खांब उभा करताना तुम्ही माझ्या कानात होता. लहान असताना तुम्ही ओळंबा माझ्या हातात दिला होता आणि मी सोडल्या सोडल्या ओरडलो होतो, सरळ हाय! तुम्ही म्हणाला होता, 'थांब की. हलतोय त्यो अजून. हलतोय तवर त्यो काय बी सांगतोय.' हे सगळं आठवूनसुद्धा मी घाई केली. दोन खांब रोवून काँक्रीट ओतलं आणि दुसऱ्या दिवशी लांबून बघतो तर एक खांब गिरणीकडं कललेला. अम्मा चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. 'ह्यो कुणाला सलाम करतोय रं?' मी रागानं पहार उचलली आणि तो खांब उपटून काढला, आणि मग तुमचा ओळंबा धरून दोरी अगदी निश्चल होईपर्यंत वाट बघितली. त्यात किती वेळ जातो ते मला पहिल्यांदाच कळलं. वर पत्रे टाकले, खाली कोबा केला, आठवडाभर पाणी दिलं. पडवी उभी राहिली. अम्मानं मशीन बाहेर आणली, बसून बघितलं, आणि पत्र्याकडं बघत म्हणाली, 'पुढनं वीतभर वाढवला असतास तर पाऊस आत आला नसता. पर ऱ्हाऊ दे. बरं झालंय.' तिचे डोळे ओले होते, पण ती सुईत दोरा ओवत होती.

मग राहिला बोळ. तिथंही माती काढून मुरूम ठोकून घेतला. इथं मी माझ्या हुशारीत फसलो, अब्बा. खडी-वाळूचा ढीग रस्त्यावर टाकला तर शेजारी बोलणार, म्हणून सगळा माल मी आधी घमेल्यानं वाहून नव्या पडवीत आणून ठेवला, प्लॅस्टिकवर. तिथंच कालवायचं ठरवलं. माल घराकडं, म्हणून सुरुवात रस्त्याकडच्या टोकापासून केली. एकेक घमेलं मुरमावरून चालत न्यायचं, ओतायचं, फळीनं ओढायचं, रंध्यानं फिरवायचं आणि मागं सरकायचं. मागं म्हणजे घराकडं. पहाटे सुरू केलं, एकट्यानं, दुपारी दोनला शेवटचं घमेलं पडवीच्या कडेला ओतलं. कंबर सरळ करून उभा राहिलो. बावीस फूट ओला कोबा आरशासारखा चमकत होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आणि मी पडवीत. बाहेर पडायला पाऊल ठेवायला जागा नाही. तुम्ही सांगितलेलं एकच वाक्य मी अगदी बरोबर उलटं केलं होतं. अम्मा म्हणाली, 'आता सात दिवस मागच्या दारानं, उसाच्या बांधावरनं. दहा मिनिटांचा वळसा. तुझे अब्बा असते तर तुला ह्या पडवीतच जेवाय घातलं असतं सात दिवस.' आम्ही दोघं हसलो. मी खुशीत होतो. मला वाटत होतं, सात दिवसांनी ह्याच्यावरून ती येईल, चपला पायात घालून.

ती सात दिवस थांबली नाही. तासाभरानं बोळाच्या तोंडाशी स्कूटी थांबल्याचा आवाज आला. मी वर बघितलं. तोंडाला स्कार्फ, हातात कापडाची पिशवी. दीड वर्षानंतर. मी उठलो तसा तिनं तिकडून हात पुढं केला, वाहतूक थांबवावी तसा.

'थांब. तिथंच थांब. पाय टाकू नको.'

'सुकलंय की.'

'सुकलं न्हाई. चमकतंय अजून.' तिनं स्कार्फ सोडला. 'मला शिकवू नको, मीबी दीड वर्ष सिव्हिल केलंय.'

'मागनं येतो. दहा मिनिटात.'

'दहा मिनिटं न्हाईत. ब्लाउज टाकून येते म्हणून सांगून आलेय. ऐक फक्त. बोलू नको.'

बावीस फुटांवरून ऐकू जावं म्हणून तिला जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं. तिनं सांगितलं ते असं. सांगलीच्या कॉलेजात तिला पुन्हा दुसऱ्या वर्षाला घेताहेत. मामाच्या घरी राहायचं. वर्षभर तिनं वडिलांच्या मागं लागून त्यांना तिथपर्यंत आणलंय. पुढच्या आठवड्यात बुधवारी ते फॉर्म भरायला सांगलीला जाणार. पण त्यांची एक अट आहे, त्यांच्याच शब्दांत. बोर्ड मारणाऱ्या त्या पोरानं आमच्या घरी यायचं, माझ्यासमोर उभं राहायचं, चूक कुणाची होती ते सांगायचं, आणि सांगलीला तिच्या मागं येणार नाही हा शब्द द्यायचा. नाही आला तर फॉर्म नाही.

माझं डोकं तिथंच फिरलं. 'म्हंजे काय सांगू? काय न्हवतंच आपल्यात, असं सांगू?'

'न्हवतंच म्हणू नको,' ती म्हणाली. 'हितनं पुढं न्हाई, असं सांग.'

'आणि न्हाई सांगितलं तर?'

'तर मी हितंच. तुझ्या अम्माकडं शिलाई शिकीन.'

'मग बरंच हाय की. रोज येशील.'

मी हे हसून बोललो. ती हसली नाही. तिचा चेहरा लांबून नीट दिसत नव्हता, पण खांदे उतरलेले दिसले. 'हेच,' ती म्हणाली. 'हेच तुझं.' तिनं पिशवी गिरणीच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवली आणि स्कूटीकडं वळली. ती निघाली हे मला दिसलं आणि बाकी काही दिसलं नाही. मी उजवा पाय उचलला आणि टाकला. घोट्यापर्यंत आत. दुसरा पाय उचलणार तोच ती वळली आणि ओरडली, त्या आवाजानं गोठ्यातली म्हैस बिथरली.

'तवाबी असंच केलतंस! मी खिडकीतनं बघितलंय. तुझ्या अब्बांनी गुडघ्यावर बसून समदं परत घासलं. माझं कोण घासून देणार?'

अब्बा, मला तेव्हा तुम्ही दिसलात. फळीवर वाकलेली पाठ, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. माझ्या सहा पावलांसाठी एक दुपार. आणि फळ्याकडं डस्टर घेऊन चाललेली ती दिसली, जिला मी ते अर्धं मिनिटही दिलं नाही. मी पाय बाहेर काढला. मागं घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मागं घेतला. पडवीच्या कडेला बसलो. ती बघत होती. मग तिनं स्कार्फ बांधला आणि गेली. मी हाक मारली नाही.

अम्मा आत नेलेल्या मशीनवरून उठून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलेलं होतं, बोळात बोललेलं घरात येतंच. म्हणाली, 'पाय धू आदी. सिमेंट कातडी खातंय.' बादली आणली, माझ्या पायावर स्वतः पाणी ओतलं. मग पडवीत पडलेला तुमचा रंधा उचलून माझ्या हातात दिला आणि आत गेली. मी पडवीवर गुडघे टेकून वाकलो. थोडं सिमेंट, थोडं पाणी, गोल गोल. एकच पाऊल होतं, हात पोचण्याजोगं. तरी तासभर लागला. रंधा जिथं झिजलाय तिथं माझा अंगठा बरोबर बसत होता. सहाला किती वेळ लागला असेल ते मी मोजत गेलो, आणि मधेच मोजायचं सोडून दिलं.

त्यानंतर सात दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. मातीचे छोटे बांध घालून बोळात पाणी साठवलं. वरून बघितलं तर सगळा कोबा एकसारखा दिसतो, पण पाणी ओतलं की पहिली दोन मिनिटं त्या जागी पावलाचा आकार जरा गडद उमटतो आणि मग विरतो. बाकी कुणाला दिसणार नाही. मला दिसतो. रोज वाटायचं, आज जाऊन सांगून यावं. रोज म्हणायचो, बोळ सुकू दे, मग जातो. चौथ्या दिवशी अम्मानं जेवताना सरळ विचारलं, 'तुला जायाचं हाय का न्हाई?' मी म्हणालो, 'कोबा वला हाय.' ती म्हणाली, 'मागचं दार हाय की. रोज ऊस तुडवीत दूध आणाय जातोस, तवा बरं वला नसतो.' मी ताटावरून उठून गेलो. ती हाक मारून म्हणाली, 'आरं, भाकरीवर कशाला राग?' त्या रात्री अम्मानं तिचं कापड बेतलं. त्याच पिशवीतलं, खिळ्यावरचं. मी मागनं वळसा घालून जाऊन आणून दिलेलं. निळं कापड आहे. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आज पुन्हा मंगळवार. उद्या तिचे वडील सांगलीला जाणार. सकाळी बांध फोडले, पाणी सोडून दिलं, झाडून घेतलं. कोबा पांढरा पडलाय, हातानं वाजवला तर घट्ट आवाज येतो. कुठं भेग नाही. तुम्ही आला असता तर टाचेनं दोन ठिकाणी ठोकून बघितलं असतं आणि 'बरं' म्हणाला असता. तेवढं मला पुरलं असतं. आता थोड्या वेळानं मी तुम्ही घातलेल्या कोब्यावर उभा राहीन. त्यांनी तो अजून बदलला नाही, वर फरशी घातली नाही. काय बोलायचं ते घोकून ठेवलंय. चूक माझी होती. तिनं मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही. हितनं पुढं न्हाई. तीन वाक्यं आहेत. पहिली दोन तोंडातून सुटतात. तिसरं अजून अडकतं, काल गोठ्याच्या भिंतीला तोंड करून बोलून बघितलं तर आवाज फुटला. पण तिनं मला खोटं बोलायला सांगितलं नाही, हे मी धरून ठेवलंय. नव्हतंच म्हणू नको, म्हणाली. तेवढं तिनं माझ्याकडं ठेवलं.

हे कागद कुठं पाठवणार? तुमच्या पिशवीत, रंध्याखाली घडी करून ठेवतो. अम्माला वाचता येतं, पण ती तुमच्या पिशवीत विचारल्याशिवाय हात घालत नाही, तुम्ही होता तेव्हाही घालत नव्हती. एक तेवढं सांगायचं राहिलं. ओढ्याच्या पुलावर तुम्ही विचारलं होतं. मॅच नव्हती, अब्बा. खिडकीत एक मुलगी उभी होती आणि माझ्या हातात बादली होती. मजुरासारखा मागच्या दारानं वळसा घालून आलो असतो तर तिनं मला तुमचा बिगारी समजलं असतं. म्हणून पळालो. एवढंच कारण होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात तेव्हा तुम्हाला ते कळलेलं होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळणार नाही.

अम्मानं धुतलेला सदरा खुंटीला लावून ठेवलाय. ती पडवीत मशीनवर बसलीय, निळ्या कापडाला बटणं लावतेय. सदरा घालतो, पिशवी माळ्यावर ठेवतो. बाहेर आलो की ती विचारेल, कुठनं जातोस? पुढनं, बोळातनं, म्हणेन. आणि बाहेर पडून, सावकाश, दार ओढून घेईन.